वाटपानंतर आठ महिन्यांनी कोण जाते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातील पाळीच्या दिवसांत वापरायच्या, धुऊन पुन्हा वापरता येणाऱ्या कापडी पॅडच्या वाटपाची बातमी वाचली. किती पॅड वाटले तो आकडा ठळक अक्षरांत आहे आणि ‘एकदा दिले की तीन वर्षे काळजी नाही’ हे आयोजकांचे वाक्य चौकटीत छापले आहे. हेच वाक्य सहा वर्षांपूर्वी मीही एका गावात ५०-६० बायकांसमोर म्हटले होते, म्हणून आज गप्प राहवत नाही.

त्या वाटपानंतर आठ महिन्यांनी मी पुन्हा त्या गावात गेले, तेव्हा एका बाईने दाराआडच्या खिळ्यावरचा टॉवेल बाजूला करून त्याखाली वाळत घातलेला पॅड मला दाखवला. धुऊन तीन दिवस झाले होते, तरी मधला थर हाताला ओलसर लागत होता, शिवणीवर बुरशीचे काळे ठिपके आले होते आणि दोन्ही बाजूंची टिचबटणे मात्र कोरी करकरीत होती. “ताई, बटणं लावायची कशाला? आत घालायला चड्डी कुठे आहे?” तिने विचारले. बाहेर दोरीवर घालावा तर अंगणातून सगळ्यांची ये-जा, पाणी लांबून आणायचे आणि साबणाची एक वडी घरातल्या सगळ्यांना पुरवायची. वाटपाच्या दिवशी मागच्या रांगेतून कोणीतरी हाच चड्डीचा प्रश्न विचारला होता आणि उशीर होतोय म्हणून मी तो टाळला होता. ते आठवले की आजही मान खाली जाते.

कापडी पॅड वाईट आहेत, असे मी म्हणत नाही. विकतच्या पॅडला दर महिन्याला पैसे लागतात आणि पैसे नसले की हाताला येईल त्या चिंधीवर वेळ भागवावी लागते. पण कापडी पॅड साबणाने धुऊन उन्हात पुरता वाळला तरच तो पुन्हा वापरण्याजोगा होतो. ओला तसाच वापरला तर मांड्या सोलवटतात आणि बाई पुन्हा चिंधीकडे वळते. म्हणून पॅडबरोबर चड्ड्या, साबण, झाकणाची बादली आणि आडोसा असूनही ऊन येईल अशी वाळवणाची जागा, एवढे सारे त्याच खर्चात धरले पाहिजे.

पाळीचे रक्त साठवण्यासाठी योनीत बसवायच्या सिलिकॉनच्या कपाला वाळवणाची ही अडचण नाही. तो १२ तासांपर्यंत ठेवता येतो, पाळी संपल्यावर उकळून घ्यावा लागतो आणि नीट वापरला तर १० वर्षांपर्यंत टिकतो. ‘द लॅन्सेट पब्लिक हेल्थ’ने २०१९ मध्ये ४३ अभ्यासांचा आढावा छापला होता, त्यात गळती पॅडइतकी किंवा त्याहून कमी आढळली आणि कपाची ओळख झालेल्या सुमारे ७० टक्के जणींना तो पुढेही वापरायचा होता. मात्र हात बसायला काही महिने जातात. नेपाळमधल्या एका अभ्यासात ज्या मुलींच्या मैत्रिणींकडेही कप होते, त्या तो लवकर शिकल्या. तांबी बसवलेल्या बाईने कप वापरण्याआधी दवाखान्यात विचारून घ्यावे लागते, हेही कोणीतरी तिला सांगायला हवे. अर्ध्या तासाच्या कार्यक्रमात हे होत नाही; त्यासाठी त्याच गावात पुन्हा पुन्हा जावे लागते.

आणखी एक गोष्ट. बातमीसोबतच्या छायाचित्रात बायकांना ओळीने उभे करून प्रत्येकीच्या हातात पाकीट दिले आहे आणि सगळ्यांचे चेहरे स्पष्ट दिसतात. जी बाई स्वतःच्या घरात टॉवेलखाली पॅड लपवते, तिला हा फोटो चालेल का, असे कोणी विचारले होते का? कृपया अशी छायाचित्रे छापू नयेत. आणि आठ महिन्यांनी आपल्या वार्ताहरांना, शक्य तर महिला वार्ताहराला, त्याच गावात पाठवावे आणि तिथल्या दोरीवर काय वाळत आहे ते छापावे.

आपली,
एक नियमित वाचक