टप्प्यांच्या यादीत बंद पडल्याचे सालही हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुण्यातील जुन्या महाविद्यालयांच्या वाटचालीवर आपल्या दैनिकात अधूनमधून लेख येतात आणि लेखाशेजारी ‘महत्त्वाचे टप्पे’ अशी एक चौकट असते. लेख मी आवडीने वाचतो; तक्रार आहे ती चौकटीबद्दल. स्थापना, स्वतःची इमारत, नवी शाखा, रौप्यमहोत्सव, स्वायत्तता अशा चढत्या पायऱ्यांनीच ती भरलेली असते. संस्था कुठे अडखळली, कोणता विषय कोणत्या साली बंद झाला, याला तिथे जागा नसते.

हे आताच लिहिण्याचे कारण घरचेच आहे. ज्या लहानशा कला महाविद्यालयात मी तीस वर्षे इतिहास शिकवला, त्याच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेतले ‘टप्पे’ हे प्रकरण माझ्याकडे आले. जुनी वार्षिके आणि व्यवस्थापन मंडळाच्या सभांची इतिवृत्ते चाळून मी यादी केली. त्यात ‘२००९ : तत्त्वज्ञान विभाग बंद’ अशी एक ओळ होती. मुद्रिते परत आली तेव्हा त्या ओळीवर लाल काट आणि समासात ‘नकारात्मक’ एवढा एकच शब्द होता.

स्मरणिका समितीतील मंडळी माझ्या स्नेहातली आहेत आणि त्यांचा हेतू वाईट नाही. तरीही मला ही काट मान्य नाही. का, ते सांगण्यासाठी पुण्यातल्याच एका थोर महाविद्यालयाचा दाखला देतो.

पेशवे श्रावणात रमण्यावर, म्हणजे पर्वतीच्या पायथ्याच्या बंदिस्त आवारात, विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत असत. पेशवाई गेल्यावर या निधीचे करायचे काय, हा प्रश्न मुंबईचा गव्हर्नर झालेल्या एल्फिन्स्टनसाहेबापुढे आला आणि त्यातील काही भाग संस्कृत विद्येच्या पाठशाळेकडे वळवून त्याने तो बऱ्याच चतुराईने सोडवला. ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबागवाड्यात ‘हिंदू कॉलेज’ सुरू झाले. शास्त्रे शिकवणारी ही पाठशाळा १८५१ मध्ये इंग्रजी शाळेशी एक होऊन ‘पूना कॉलेज’ झाली, १८६४ मध्ये तिचे नाव ‘डेक्कन कॉलेज’ पडले आणि सर जमशेटजी जीजीभाय यांच्या देणगीच्या आधाराने येरवड्याला उभ्या राहिलेल्या दगडी इमारतीत ती १८६८ मध्ये राहायला गेली. या देणगीची आठवण वाचकांनी जरा बाजूला ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

कीलहॉर्न, केरोपंत छत्रे आणि पुढे रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारखे अध्यापक तिथे होते. विष्णुशास्त्री चिपळूणकर तिथले विद्यार्थी, इतिहासाचार्य राजवाडेही तिथलेच. १८७९ च्या सुमारास टिळक कायद्याचा आणि आगरकर एम.ए.चा अभ्यास करत असताना त्यांची मैत्री जमली ती याच कॉलेजात, आणि देशाला शहाणे करायचे तर आधी शाळा काढली पाहिजे या निष्कर्षावर ते दोघे आले तेही तिथल्याच चर्चांमधून. १८८० च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल, १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि २ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन कॉलेज, ही सगळी त्या गप्पांचीच संतती म्हणायला हवी. सरकारी कॉलेजच्या वसतिगृहात बसून पोरांनी बिनसरकारी कॉलेजचा बेत करावा, यातली गंमत साहेबाला कळली असेल की नाही कोण जाणे.

बहुतेक चौकटी इथून एकदम १९३९ वर उडी मारतात. मधले साल आहे १९३४. त्या वर्षी मुंबई सरकारने काटकसरीचे कारण देऊन डेक्कन कॉलेज चक्क बंद केले. शंभरावर वर्षे चाललेली संस्था मिटली. त्या वेळी पुण्यात फर्ग्युसन भरात होते, १९१६ मध्ये निघालेले न्यू पूना कॉलेज, म्हणजे पुढचे सर परशुरामभाऊ महाविद्यालय, चांगले चालले होते. मुलांची सोय होत होती, तेव्हा एक कॉलेज गेले तर बिघडले काय, असे म्हणणे सोपे होते.

बिघडले आहे असे वाटले ते माजी विद्यार्थ्यांना. शोकसभा घेऊन ते थांबले नाहीत, त्यांनी जुनी कागदपत्रे काढली. जमशेटजींची देणगी या कॉलेजसाठी म्हणून दिलेली आहे, सरकार तिचे मालक नसून विश्वस्त आहे, आणि विश्वस्ताला ठेव परस्पर मोडता येत नाही, असा मुद्दा घेऊन प्रकरण न्यायालयात गेले. बॅ. मुकुंदराव जयकर या लढ्यात अग्रभागी होते. अखेर १७ ऑगस्ट १९३९ रोजी कॉलेज पुन्हा उघडले, पण ते पदव्युत्तर अभ्यासाची आणि संशोधनाची संस्था म्हणून. पदवीचे वर्ग परत आले नाहीत. जे बंद पडले ते तसेच्या तसे परत येत नसते, हे त्या पाच वर्षांवरून नीट कळते. नावात ‘कॉलेज’ असताना तिथे बी.ए.चे वर्ग कसे नव्हते, असा प्रश्न मला अनेक पालकांनी विचारला आहे; १९३४ हे साल पुसले तर त्याला उत्तरच उरत नाही.

आणि जे नवे आले ते काय तोलाचे होते! हसमुख सांकलियांचे पुरातत्त्व, इरावती कर्व्यांचे समाजशास्त्र, कत्र्यांचे भाषाशास्त्र. ऐतिहासिक तत्त्वांवर संस्कृतचा कोश करायचे काम १९४८ मध्ये हाती घेतले गेले. सुमारे दीड हजार ग्रंथांतून शब्द टिपून जवळपास एक कोटी चिठ्ठ्या तयार झाल्या आणि पहिला भाग छापून आला तो १९७६ मध्ये. आजच्या एखाद्या मूल्यांकन समितीपुढे अठ्ठावीस वर्षांनी पहिला भाग देणारा प्रस्ताव कुणी नेऊन पाहावा.

आमचे महाविद्यालय डेक्कन कॉलेजच्या पासंगालाही पुरणार नाही, हे मला ठाऊक आहे. आमच्याकडे ना टिळकांची खोली, ना जमशेटजींची देणगी. आमच्या तत्त्वज्ञानाच्या हजेरीपटावर शेवटच्या वर्षी तीन नावे होती. त्यामुळे वर्ग वर्गखोलीत भरतच नसे. प्राध्यापकांच्या खोलीत चार खुर्च्या ओढल्या की भरला. तिघांपैकी एक मुलगी मुळशीकडून पहाटेची एसटी धरून यायची. गाडी चुकली की उरलेले दोघे आणि सर तिची वाट पाहत चहा मागवायचे आणि ती आली की तिच्यासाठी तास पहिल्यापासून पुन्हा सुरू व्हायचा. सर निवृत्त झाले, वर्कलोड, म्हणजे तासांचा भार, पुरेसा नाही म्हणून पद व्यपगत म्हणजे रद्द झाले आणि विभागाची पुस्तके गोणपाटात बांधून ग्रंथालयाच्या माळ्यावर गेली. हा इतिहास ‘नकारात्मक’ असेल, पण नव्या संगणककक्षाच्या उद्घाटनाइतकाच तो आमचा आहे. उद्या कुणाला तो विभाग पुन्हा उघडावासा वाटला, तर तो कधी आणि कशाने बंद झाला हे त्याला स्मरणिकेत सापडायला हवे. डेक्कन कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांना निदान कागद तरी सापडले होते.

तेव्हा आपणांस विनंती अशी की, यापुढे अशा चौकटी छापताना संस्थांकडून बंद पडलेल्या विषयांची आणि विभागांची सालेही आवर्जून मागवावीत. संस्था ती आपणहून देणार नाहीत.

आमची स्मरणिका अजून छापखान्यात गेलेली नाही. दुरुस्त मुद्रिते मी काल परत पाठवली. खोडलेली ओळ पुन्हा लिहिली आहे, आणि या वेळी तिच्यापुढे ‘अखेरच्या वर्गात विद्यार्थी तीन’ एवढी भर घातली आहे.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक
सदाशिव पेठ, पुणे