‘इंग्लिश’ म्हणजे चेरी-व्हॅनिला नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत पाईपच्या तंबाखूवर जो मजकूर आला, त्यात ‘इंग्लिश ब्लेंड’ म्हणजे चेरी, व्हॅनिला, चॉकलेटच्या वासाचा तंबाखू, असे म्हटले आहे. ठाण्यात आणि वाशीत पाईपचा तंबाखू विकणारे दुकानदारही गिऱ्हाइकाला बहुतेकदा हेच सांगतात. वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे. वरून वास लावलेल्या तंबाखूला ‘ॲरोमॅटिक’ म्हणतात. इंग्लिश मिश्रणात वास येतो तो पानाचाच. पान कुठले, ते कशावर वाळवले आणि दुसऱ्या पानात किती मिसळले, एवढ्यावर सगळे ठरते.

हे नाव पडले त्यामागे ब्रिटनमधला कायदा आहे. तिथे तंबाखूवर कर वजनावर होता. पाक, साखर घालून वजन वाढवले की सरकारचा महसूल बुडायचा, म्हणून एकोणिसाव्या शतकापासून तंबाखूत काय घालता येईल यावर कडक बंधने होती. साहजिकच तिथल्या मिश्रण करणाऱ्यांनी गोडी, आंबूसपणा आणि धुरकट खमंगपणा वेगवेगळ्या पानांतून काढला. पुढे अमेरिकेच्या बाजारात लटाकिया घातलेल्या मिश्रणाला सरसकट ‘इंग्लिश’ म्हणू लागले आणि तोच अर्थ रूढ झाला. याला एक अपवाद आहे. इंग्लंडच्या उत्तरेला केंडल गावात गुलाब, जिरॅनियम अशा फुलांच्या वासाचा तंबाखू जुन्या काळापासून बनतो. तो इंग्लंडचा खरा, पण ‘इंग्लिश ब्लेंड’ म्हणताना कुणाला तो अभिप्रेत नसतो.

मिश्रणाचा पाया व्हर्जिनिया. हे पान भट्टीच्या नळांतून फिरणाऱ्या कोरड्या उष्णतेवर साधारण आठवडाभरात सुकवतात, त्यामुळे त्यातली साखर टिकते आणि रंग पिवळा राहतो. आपल्याकडे आंध्रात प्रकाशम, नेल्लोर भागात आणि कर्नाटकात म्हैसूरकडे हेच पान पिकते. त्याचे लिलाव गुंटूरला मुख्यालय असलेले तंबाखू मंडळ घेते. दुसरे पान ओरिएंटल. तुर्कस्तान, ग्रीस आणि बाल्कन भागातले हे तळहाताहूनही लहान पान उन्हात वाळवतात. इझमिर, सामसून, बास्मा ही त्यातली परिचित नावे. त्याची चव किंचित आंबूस असते आणि वास सुक्या गवताकडे झुकतो. ओरिएंटलचा भाग वाढवला की त्याच मिश्रणाला ‘बाल्कन’ म्हणायची पद्धत आहे, पण ही सीमारेषा काही पक्की नाही.

तिसरे पान लटाकिया, आणि ज्याच्यामुळे इंग्लिश मिश्रण डोळे मिटूनही ओळखता येते ते हेच. सीरियातल्या लटाकिया बंदरावरून त्याला नाव मिळाले. आधी उन्हात वाळवलेले पान बंद कोठारात टांगतात आणि खाली धुमसत्या लाकडांची धुरी कित्येक आठवडे देत राहतात. सीरियात ओक आणि पाइनचे लाकूड वापरत. सायप्रसमध्ये मस्तकी, मर्टल अशी सुगंधी झुडपेही जाळतात. सीरियातला पुरवठा थांबल्यावर आज बाजारात मिळतो तो बहुतेक सगळा सायप्रसचा. पान बाहेर येते ते जवळजवळ काळे. बरणीचे झाकण काढल्यावर होळीच्या दुसऱ्या दिवशी पाणी पडलेल्या निखाऱ्यांना येतो तसा वास येतो, त्याच्या मागे कमावलेल्या चामड्याचा आणि अगदी शेवटी उदाचा. काळे म्हणून कडक, हा समज मात्र चुकीचा आहे. लटाकियात निकोटिन तुलनेने कमी असते.

काही मिश्रणांत पेरिक नावाचा मुरवलेला तंबाखू चिमूटभर घालतात. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात सेंट जेम्स पॅरिश नावाच्या लहानशा भागात पाने पिंपात दाबून त्यांच्याच रसात वर्षभर मुरवतात, अधूनमधून पिंप उघडून पाने मोकळी करतात आणि पुन्हा दाबतात. मनुके आणि मिरी असा त्याचा स्वाद असतो. प्रमाण जास्त झाले की घशाला झोंबतो.

लंडनच्या ड्यूक स्ट्रीटवर आल्फ्रेड डनहिल यांनी १९०७ साली दुकान उघडले, तिथे गिऱ्हाइकाच्या आवडीप्रमाणे मिश्रण करून त्याची कृती वहीत क्रमांकाने नोंदवून ठेवत. ‘माय मिक्श्चर ९६५’ हा त्यातलाच एक क्रमांक. डनहिल या नावाने तंबाखू निघणे २०१८ मध्ये थांबले आणि त्यातली बरीच मिश्रणे आता पीटरसन या नावाखाली मिळतात. वहीची ही सवय मात्र आजही उपयोगाची आहे. सुटी पाने मिळत असतील तर एकदम मोठा घाणा करू नये. सोनारकामाच्या लहान काट्यावर व्हर्जिनिया १० ग्रॅम, लटाकिया ६ ग्रॅम आणि ओरिएंटल ४ ग्रॅम घ्यावे. तिन्हींचा ओलावा आधी सारखा करून घ्यावा, नाहीतर कोरडे पान चुरा होऊन तळाशी बसते आणि ओले पान गाठी धरते. हाताने हलके मिसळून बरणी बंद करून किमान दोन, शक्यतो तीन आठवडे मुरू द्यावे. लोणच्यासारखेच आहे हे, पहिल्या दिवशी प्रत्येक घटक वेगवेगळा लागतो. पुढच्या खेपेला एकच प्रमाण बदलावे, तेही २ ग्रॅमने. दोन गोष्टी एकदम बदलल्या की काय बिघडले ते कळत नाही. लटाकिया निम्म्याच्या वर गेला तर चव सपाट होते, पहिल्या झुरक्यापासून शेवटपर्यंत नुसता धूर. ओरिएंटल फार झाला तर आंबट होते. निपाणीचा बिडीचा तंबाखू स्वस्त पडतो म्हणून यात घालू नये. तो उन्हात वाळवलेला, निकोटिनने भरलेला, वेगळ्याच कामाचा तंबाखू आहे. हुक्क्याचा तंबाखूही पाईपमध्ये कधी भरू नये. त्यात गुळासारखा पाक आणि ग्लिसरीन असते, ते पाईपच्या लाकडात शिरून बसते.

आता ओलावा. ठाणे आणि नवी मुंबई या खाडीकाठच्या दोन शहरांत बराच तंबाखू यापायीच वाया जातो. डब्यातला तंबाखू बहुधा ओलसरच येतो. ओढायला १२ ते १४ टक्के ओलावा चांगला, आणि हवेत ६० ते ६५ टक्के आर्द्रता असेल तर तंबाखू तिथेच स्थिरावतो. परदेशी पुस्तकांत ‘ताटलीत पसरून तासभर उघडा ठेवा’ असे लिहिलेले असते. जुलैत घोडबंदरला किंवा नेरुळला तसे केले तर तंबाखू वाळायच्या ऐवजी पापडासारखा सादळतो, कारण हवेतच ९० टक्के दमटपणा असतो. पावसाळ्यात एसी ‘ड्राय’वर ठेवलेल्या खोलीत कागदावर पातळ पसरून २० ते ४० मिनिटे ठेवावा आणि दर दहा मिनिटांनी चिमटीने तपासावा. अंगठा आणि दोन बोटांत चिमूटभर दाबून सोडायचा. गोळा तसाच राहिला तर ओला आहे. कुरकुर आवाज येऊन चुरा झाला तर फार वाळला आहे. हळूहळू उमलून मोकळा झाला की भरायला तयार. तव्यावर किंवा मायक्रोवेव्हमध्ये वाळवू नये. पानातली सुगंधी द्रव्ये उडून जातात.

साठवायला रबरी वळ्याची काचेची बरणी उत्तम, पाव लिटरच्या बरणीत सुमारे ५० ग्रॅम बसतो. बरणी धुऊन उन्हात पूर्ण वाळवूनच भरावी. झाकणाखाली पाण्याचा थेंब राहिला तरी बुरशी धरू शकते. पानावर कापसासारखी पांढरी लव दिसली आणि कुबट वास आला तर वरचा थर काढून खाली चांगला आहे असे समजू नये, सगळी बरणी टाकून द्यावी. बरणी खिडकीत ठेवू नये. व्हर्जिनिया वर्षानुवर्षे मुरत जातो, लटाकियाचा जोर मात्र काळाबरोबर ओसरतो. त्यामुळे लटाकियाचे वर्चस्व असलेले मिश्रण दहा वर्षे जपून ठेवण्यात अर्थ नाही.

भरताना तीन चिमटी घ्याव्यात: पहिली नुसती सोडायची, दुसरी हलक्या बोटाने दाबायची, तिसरी जरा ठाम. न पेटवता ओढून पाहावे, दाट सरबत नळीने ओढताना लागतो तेवढाच अडथळा लागला पाहिजे. काडीतला गंधक जळू द्यावा, मग ज्योत वरून गोल फिरवावी. तंबाखू फुगून वर येतो आणि विझतो, ते अपेक्षितच आहे. टॅम्परने, म्हणजे तंबाखू दाबायच्या छोट्या दांड्याने, हलके बसवून दुसऱ्यांदा पेटवावे. डोक्यावरचा पंखा बंद ठेवावा, कारण वारा लागला की तंबाखू एका बाजूने पेटतो आणि पाईपची वाटी (तंबाखू भरतो तो खोलगट भाग) तापते. मिनिटाला दोन-तीन झुरके पुरेत. वाटी गालाला लावून धरवत नसेल तर खाली ठेवून द्यावी. जिभेला चटका बसतो तो बहुतेक वेळा ओल्या तंबाखूच्या वाफेमुळे आणि घाईमुळे, आणि दुकानात मात्र ‘हा ब्रँड कडक आहे’ असे ऐकायला मिळते. मध्ये तीन-चारदा विझणे ही चूक नाही.

लटाकियासाठी पाईप वेगळा ठेवावा. पाईप बहुधा ज्याचा बनतो त्या ब्रायरच्या लाकडात त्याचा वास मुरतो आणि नंतर त्यात हलका व्हर्जिनिया ओढला तरी धुरीच लागते. गरम असताना नळी पिळून काढू नये, फुगलेल्या लाकडाला तडा जातो. काम झाल्यावर सुती पाईप क्लीनर आरपार फिरवून पाईप उघड्यावर उभा ठेवावा. इतर महिन्यांत एक दिवसाची विश्रांती पुरते, पावसाळ्यात दोन-तीन दिवस द्यावेत. आतला काजळीचा थर एक रुपयाच्या नाण्याच्या जाडीएवढाच राखावा. जास्त साचला की तापल्यावर थर आणि लाकूड वेगवेगळ्या वेगाने फुगतात आणि वाटी फुटते.

एक गोष्ट आपल्या मजकुरात अजिबात नव्हती, तीही छापायला हवी. पाईपचा धूर छातीत घेत नाहीत, म्हणून तो निरुपद्रवी, असे अनेक जण मानतात. ओठ, तोंड, घसा आणि अन्ननलिका यांच्या कर्करोगाचा धोका पाईपनेही वाढतो, आणि निकोटिन तोंडाच्या त्वचेतून शोषले जाते. खारघरला टाटा मेमोरियलचे कर्करोग संशोधन केंद्र आपल्या शेजारीच आहे. ज्याला सवय नाही त्याने या पत्रामुळे सुरुवात करू नये. २००३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील कुणालाही तंबाखू विकता येत नाही, त्याच कायद्याने सार्वजनिक जागी धूम्रपानाला बंदी आहे, आणि २ ऑक्टोबर २००८ पासूनच्या नियमांनी ती आणखी कडक झाली. हॉटेलात, कार्यालयात ‘हा तर पाईप आहे’ म्हणून सूट मिळत नाही.

दुकानदारांकडे एवढीच मागणी आहे की, ‘इंग्लिश’ म्हणून तंबाखू देताना त्यात कुठली पाने आहेत ते सांगावे. गिऱ्हाइकाने पाकिटाच्या मागे व्हर्जिनिया, ओरिएंटल, लटाकिया ही नावे शोधावीत. तिथे नुसते चेरी किंवा व्हॅनिला लिहिले असेल तर तो ॲरोमॅटिक आहे. तो आवडत असेल तर जरूर घ्यावा, पण त्याच नावाने मागावा. आणि आपणही पुढच्या अंकात ही दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक
नौपाडा, ठाणे (पश्चिम)