कौतुकाने वाढलेली मुले

संपादक महोदय,
'गिलमोर गर्ल्स' या अमेरिकी मालिकेतली रोरी गावाची लाडकी. आजी-आजोबांच्या पैशावर महागडी शाळा, पुढे येल विद्यापीठ. ही मोठी होणार याबद्दल कुणालाच शंका नाही. मग पत्रकारितेत तुझा निभाव लागणार नाही, असे एका वृत्तपत्रसमूहाचा मालक तोंडावर सांगतो आणि ती कोलमडते. शिक्षण अर्धवट टाकून आजीकडे राहायला जाते. 2016 मध्ये आलेल्या पुढच्या भागांत ती 32 वर्षांची आहे, स्थिर काम नाही, तरी मुलाखतीला तयारी न करताच जाते. तिला आळशी म्हणणे मला पटत नाही. नकार पचवायची सवयच तिला कुणी लावली नव्हती.

सोलापुरात दहावीचा निकाल लागला की चौकाचौकांत गुणवंतांचे फलक झळकतात. कौतुक व्हायलाच हवे. पण इथे यंत्रमाग कामगाराचे, विडी वळणाऱ्या आईचे मूलही शिकते. ते अडखळले तर परतायला आजोबांचा बंगला नसतो. शाळांनी सत्कारात टक्क्यांइतकेच मुलाच्या मेहनतीबद्दल बोलावे; कुठे अडले, पुन्हा कसे केले, हेही व्यासपीठावरून सांगावे.

– एक पालक, सोलापूर