पोरांना आधी सावली मोजू दे

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज वाचला. यंदा सातवी ते दहावीचा भूगोल तुझ्याकडे आलाय आणि तू लिहिलंयस की हा तर नुसता पाठांतराचा विषय. तेवढं एक वाक्य मला काही पटलं नाही, म्हणून हे लांबलचक लिहितोय.

माझीच गोष्ट सांगतो. बरीच वर्षं मी ऋतू शिकवताना फळ्यावर पृथ्वीची कक्षा चांगली लांबट अंड्यासारखी काढायचो. मग पेपरात उन्हाळा का येतो विचारलं की अर्धा वर्ग लिहायचा, पृथ्वी सूर्याजवळ जाते म्हणून. मी पोरांवर चिडायचो, पण चूक माझ्या आकृतीची होती रे. खरी कक्षा वहीत प्रमाणात काढली तर ती गोलच दिसते. आणि पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, साधारण १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर, जुलैच्या सुरुवातीला ती १५ कोटी २१ लाखांवर जाते. आता मी हे आकडे आधी फळ्यावर लिहितो आणि विचारतो, मग जानेवारीत उत्तर गोलार्धात थंडी का? वर्ग एकदम गप्प होतो, आणि त्या शांततेत घाईने उत्तर देऊन टाकू नकोस प्लीज. टॉर्च घे, चौकटीच्या कागदावर सरळ धर, उजेडातल्या चौकटी मोजायला लाव, मग कागद तिरका कर आणि परत मोजायला लाव. उजेड तेवढाच पण चौकटी वाढल्या, म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला कमी आला. हे कळलं की मग पृथ्वीच्या अक्षाचा २३.५ अंशांचा कल सांग, त्याआधी तो फक्त एक आकडा असतो.

नकाशाचंही तसंच. भिंतीवरच्या जगाच्या नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसत असेल तर तो मर्केटर नावाच्या नकाशाकाराचा, १५६९ सालचा, जहाजांना दिशा धरून जाता यावं म्हणून केलेला. प्रत्यक्षात आफ्रिका साधारण १४ पट मोठी आहे. पोरांना एका चेंडूवर कागद सुरकुती न पडता बसवून दाखवा म्हणायचं, झगडू दे दहा मिनिटं, प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवायची पद्धत, ते मग वेगळं शिकवावं लागत नाही.

राजधान्या, नद्यांची नावं पाठ करून घ्यावीच लागतात, त्यात वाईट काही नाही. पण नदी कुठे आहे यापेक्षा शहर नदीच्या त्याच वळणावर का वसलं हा प्रश्न आधी आला ना, की नाव आपोआप डोक्यात राहतं.

आणि एक काम आपण दोघं मिळून करू. २१ मार्चच्या आसपास मैदानात १ मीटरची काठी उभी कर, अकरापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खूण. सगळ्यात आखूड सावली बहुतेक घड्याळात बरोबर बाराला येणार नाही, का ते पोरंच विचारतील, आणि रेखांश तिथेच सुरू कर, दर अंशाला ४ मिनिटांचा फरक. त्या सावलीवरून काढलेला सूर्याचा उभ्या रेषेपासूनचा कोन म्हणजे जवळजवळ तुझ्या शाळेचा अक्षांश. माझा वर्गही त्याच दिवशी मोजेल. दोन कोनांतला फरक आणि आपल्यातलं उत्तर-दक्षिण अंतर घेतलं की पृथ्वीचा घेर निघतो, प्राचीन ग्रीक विद्वान इराटोस्थेनिसने असाच काढला होता, त्याचा कोन आला होता वर्तुळाचा ५०वा भाग.

ढग आले तर दुसऱ्या दिवशी मोज, पण तारीख मला आधी कळव, म्हणजे आम्हीही तेव्हाच मोजू.

तुझाच मित्र