सरकारी वकील सत्तेबरोबर बदलू नयेत

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

जिल्हा न्यायालयांतील सरकारी वकिलांच्या नेमणुकांचा विषय निघाला की 'या वेळी कोणाचा माणूस लागला' एवढ्यावरच तो संपतो. सत्र न्यायालयात 31 वर्षे नोकरी केल्यामुळे या अदलाबदलीचा भुर्दंड कोणाला पडतो, हे मी जवळून पाहिले आहे.

एका सत्तांतरानंतर काही महिन्यांतच आमच्या न्यायालयातील एका अतिरिक्त सरकारी वकिलांची नेमणूक संपुष्टात आणल्याचे पत्र आले. त्यात कारण दिलेले नव्हते. त्यांच्याकडील एका खून खटल्याचा साक्षीपुरावा निम्म्यावर आला होता, आणि मृताची आई साक्ष देण्यासाठी पहाटेच्या एसटीने येऊन, फडक्यात बांधलेली भाकरी मांडीवर घेऊन, बाहेरच्या बाकावर बसली होती. नव्या वकिलांच्या हाती अजून कागदपत्रेही आली नव्हती. त्यांनी मुदत मागितली, ती मिळाली आणि रोजनाम्यात तशी नोंद झाली. ती नोंद माझ्याच हातची आहे. पुढची तारीख सांगितली तेव्हा "आमचे वकीलसाहेब कुठं गेले?" एवढेच त्या माउलीने विचारले, आणि मला उत्तर देता आले नाही.

या प्रश्नावर कायदा गप्प आहे असे नाही. उत्तर प्रदेश सरकारने फेब्रुवारी 1990 मध्ये एका परिपत्रकाने राज्यातील सर्व जिल्हा सरकारी वकिलांना, मुदत संपलेली असो वा नसो, एकदम घरी पाठवले, तेव्हा श्रीलेखा विद्यार्थी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक मनमानी ठरवून रद्द केले. सरकारी वकिलाचे पद म्हणजे निव्वळ अशील आणि वकील यांच्यातला खासगी करार नव्हे, त्याला सार्वजनिक स्वरूप आहे, असा त्या निकालाचा आशय होता. 2016 मध्ये पंजाब व हरियाणाच्या विधी अधिकाऱ्यांच्या प्रकरणातही, निवड पारदर्शक आणि गुणवत्तेवर व्हावी, असे याच न्यायालयाने बजावले.

आपल्या राज्याची वाटचाल मात्र उलटी झाली. फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार जिल्हाधिकाऱ्यांनी सत्र न्यायाधीशांशी विचारविनिमय करून वकिलांची नामिका, म्हणजे नेमणुकीस योग्य वकिलांची यादी, तयार करायची होती. महाराष्ट्राने 1981 च्या दुरुस्तीने तेथून सत्र न्यायाधीशांना वगळले आणि त्यांच्या जागी राज्य शासनाची मान्यता घातली. ज्यांच्यासमोर वकील रोज उभा राहतो, ज्यांना त्याची तयारी आणि सचोटी दोन्ही ठाऊक असतात, त्यांचेच मत अनावश्यक ठरले! त्यानंतर इच्छुकांची पावले मंत्रालयाकडे वळली, तर त्यात नवल ते काय?

हे केवळ नोकरीपुरते नाही. खटला मागे घेण्याचा अर्ज करण्याचा अधिकार कायद्याने सरकारी वकिलाला दिला आहे आणि तो त्याने स्वतःच्या बुद्धीने वापरावा, अशी अपेक्षा आहे. ज्याची खुर्ची एका पत्राने जाऊ शकते, त्याने मंत्र्याच्या कार्यकर्त्यावरील खटल्यात 'नाही' कसे म्हणायचे? मालेगाव बॉम्बस्फोट खटल्यातील विशेष सरकारी वकील रोहिणी सालियन यांनी 2015 मध्ये, आपल्याला नरमाईने घेण्यास सांगण्यात आले, असा जाहीर आरोप केला. राष्ट्रीय तपास यंत्रणेने तो फेटाळला. त्या बोलू शकल्या, कारण त्यांचे नाव मोठे होते. तालुक्याच्या ठिकाणचा वकील बोलणार नाही.

फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 18 मध्ये सत्र न्यायाधीशांशी विचारविनिमयाची तरतूद आहे. राज्याच्या पातळीवर तिला पुन्हा छेद दिला जाऊ नये. तसेच मुदतीपूर्वी कोणाला दूर करायचे असल्यास कारणे लेखी द्यावीत, त्याबाबत सत्र न्यायाधीशांचे मत घ्यावे आणि साक्षीपुरावा सुरू असलेले खटले त्याच वकिलाकडे निकालापर्यंत ठेवावेत, अशी माझी विधी व न्याय विभागाला विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी