यूपीएसचा 'बोर्ड गेला' म्हणण्याआधी बॅटरी तरी बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या पेपरात खड्डे, पाणी, लोकलची गर्दी यावर पत्रं भरपूर येतात, माझं पत्र मात्र एका डब्याबद्दल आहे. कॉम्प्युटरच्या टेबलाखाली धूळ खात पडलेला, लाईट गेली की बोंबलणारा आणि आतल्या बॅटरीवर कॉम्प्युटर थोडा वेळ चालू ठेवणारा तो काळा डबा, म्हणजे यूपीएस. लहानसा विषय आहे हे मान्य, पण ठाण्यात घरून काम करणारी माझ्यासारखी माणसं आता बिल्डिंगमागे चार-पाच तरी सापडतील आणि या डब्यापायी सगळ्यांचेच पैसे जातात, म्हणून लिहितेय.

मी चरईत राहते, घरून दोन सीएंच्या जीएसटी रिटर्नचं डेटा एंट्रीचं काम करते. २० तारीख म्हणजे काय ते या धंद्यातल्यांना सांगायला नको, ३बी म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न भरायची शेवटची तारीख, पोर्टल आधीच रांगत असतं, आणि गेल्या महिन्यात नेमकं त्याच दिवशी संध्याकाळी सातच्या सुमारास दिवे एकदा फक्त लुकलुकले आणि कॉम्प्युटर फट्कन बंद. लाईट गेलीसुद्धा नव्हती हो, पंखा चालूच होता. ज्याच्यासाठी यूपीएस घेतला तेच त्याने केलं नाही. टीं करून एकदा ओरडला आणि मेला.

हा यूपीएस मी घेतला २०२० मध्ये. १२ ऑक्टोबर २०२० आठवतंय ना, सोमवार होता, सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळीकडे एकदम लाईट गेली, लोकल जागच्या जागी उभ्या, आमच्याकडे तर दुपार उलटून गेली तरी पत्ता नाही. लॉकडाऊनमुळे सगळेच घरून काम करत होते, त्यामुळे त्या आठवड्यात दुकानात यूपीएस भाजीसारखे विकले गेले, त्यातलाच माझा एक, ६०० व्हीएचा (व्हीए हे डब्याच्या ताकदीचं माप). दोन वर्षांनी एकदा बॅटरी बदलली होती, म्हटलं आता काहीतरी मोठं बिघडलं असणार.

दुकानातून माणूस आला. साडेतीनशे रुपये व्हिजिट चार्ज. त्याने बटण दोनदा दाबलं, डबा कानाजवळ नेऊन हलवला (नारळ बघतात तसा), आणि सांगितलं, "मॅडम बोर्ड गेला, बावीसशे लागतील, त्यापेक्षा नवीन घ्या, साडेतीन हजारमध्ये देतो, जुना घेऊन जातो". बोर्ड म्हणजे आतली इलेक्ट्रॉनिक सर्किटची प्लेट. मीटर लावला नाही की स्क्रू खोलला नाही. दुसऱ्या एका दुकानात फोन केला तर त्यांनी फोनवरच सांगितलं, बोर्ड. मला कळेना, न बघता सगळ्यांना बोर्डच कसा दिसतो.

आमच्या खालच्या मजल्यावर एक काका आहेत, वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत मेंटेनन्सला होते, आता रिटायर. मी नवीन यूपीएस आणायला निघालेय कळल्यावर ते मल्टिमीटर आणि एक होल्डर लावलेला १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब घेऊन वर आले. पहिली गोष्ट काय केली असेल तर मला बांगड्या काढायला लावल्या. म्हणाले भिंतीतला प्लग काढला तरी आत बॅटरी जिवंतच असते, धातूची बांगडी दोन टोकांना एकदम लागली तर हात भाजेल. मग प्लग काढला, खालचं झाकण खोललं. आत एक वीटेएवढी काळी बॅटरी, १२ व्होल्ट ७ एएच (एएच म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप), दोन किलोच्या आसपास वजन, एक लाल वायर एक काळी. बाकी त्या डब्यात तसं बघण्यासारखं काही नाही, एक ट्रान्सफॉर्मर आणि एक हिरवा बोर्ड, आणि आमच्या डब्यात एक वाळलेली पालही निघाली, ती वेगळी.

काकांनी मीटर लावला, १२.७ व्होल्ट. मी म्हटलं मग बॅटरी तर चांगलीच आहे की. ते हसले. "रिकामी बसलेली बॅटरी सगळीच चांगली असते, काम सांगितल्यावर बघ" असं म्हणून त्यांनी बल्ब यूपीएसला लावला आणि भिंतीतला प्लग काढलेलाच ठेवून डबा चालू केला. मीटरवरचे आकडे मी स्वतः बघितलेत, १२.७ वरून लगेच ११ च्या खाली, मग १०.६, १०.१, आणि अर्धा मिनिटही झालं नसेल तोवर टीं, बल्ब बंद. बारा व्होल्टची बॅटरी साडेदहाच्या आसपास आली की डबा स्वतःच हात वर करतो, नाहीतर बॅटरी कायमची मरते. म्हणजे बोर्ड शहाण्यासारखा वागत होता, बॅटरीत दम नव्हता. साडेतीनशे घेऊन गेलेल्याला ही बल्बची टेस्ट करायला दोन मिनिटं लागली असती.

बॅटरी आणायला गेले तेव्हा काकांनी बजावलं होतं की तारीख बघ. या बॅटऱ्या नुसत्या पडून राहिल्या तरी हळूहळू उतरतात आणि उतरलेल्या अवस्थेत महिनोन्महिने राहिल्या की आतल्या प्लेटांवर थर बसतो तो मग चार्ज करून जात नाही. दुकानदाराने पहिली काढून दिली तिच्यावरचा शिक्का सव्वा वर्षापूर्वीचा. मी नको म्हटल्यावर तो असा बघायला लागला की मी भाजीवाल्याकडे टोमॅटो दाबून बघतेय. दुसरी दिली ती दोन महिन्यांची, भाव तोच, साडेनऊशे. म्हणजे मी विचारलं नसतं तर शिळी गळ्यात पडलीच होती.

घरी आणून लाल वायर लालला आणि काळी काळ्याला लावली. ही उलटी झाली तर मात्र खरंच बोर्ड जातो, तेवढं लक्षात ठेवा. शेवटची पिन बसवताना एक बारीकशी ठिणगी उडाली तर मी घाबरलेच, पण ती उडतेच म्हणे. नंतर काकांनी चार्जिंग चालू असताना परत मीटर लावला, १३.६. हा आकडा साडेतेरा ते पावणेचौदाच्या मधे हवा. पंधराच्या घरात असेल तर चार्जर बिघडलाय समजायचं, नवीन बॅटरीही सहा महिन्यांत फुगणार, आणि तसं असेल तर बोर्ड गेला म्हणणारा माणूस खरं बोलतोय. आठ तास चार्ज करून परत बल्ब लावला, वीस मिनिटं झाली तरी जळतोय, शेवटी काकांनीच बंद केला.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण तीन दिवसांनी संध्याकाळी परत बीप. कॉम्प्युटर चालू राहिला, पण दर दोन मिनिटांनी टिक, बीप, टिक, बीप. मला रडूच आलं, म्हटलं साडेनऊशे पण गेले. काका परत वर, यावेळी यूपीएसला हातही लावला नाही, मीटर सरळ भिंतीतल्या सॉकेटमध्ये. २२८ व्होल्ट. ठीक. मग विचारलं ही बीप होते तेव्हा घरात काय चालू असतं. आता संध्याकाळी सातला आमच्या सासूबाई इस्त्री करतात, रोज, वर्षानुवर्षं, कारण त्यांची सिरीयल साडेसातला असते. इस्त्री लावली आणि मीटरचे आकडे नाचायला लागले, २०५, १७०, एकदा तर १३०, परत २२०.

मेन बंद करून स्विचबोर्ड खोलला तर आत न्यूट्रलचा, म्हणजे वीज परत जायच्या वायरचा, स्क्रू ढिला, वायरचं टोक जळून काळं, प्लास्टिक पिवळं पडून वितळायच्या बेतात. इस्त्री आणि कॉम्प्युटर दोन्ही त्याच एका वायरवर. काकांनी तेव्हा समजावलं की व्होल्टेज थोडं कमी झालं तर यूपीएस बॅटरीला हात न लावता आतल्या आत वाढवून देतो, तो टिक आवाज त्याचाच, पण फार खाली गेलं तर बॅटरीवर जातो. म्हणजे रोज संध्याकाळी इस्त्रीच्या अर्ध्या तासात माझी बॅटरी किती वेळा खाली-वर होत होती देवाला माहीत, आणि ती अशी लवकर का गेली त्याचं उत्तर त्या स्क्रूत होतं. मी समजत होते डबा खराब झालाय म्हणून बोंबलतोय, आणि तो बिचारा भिंतीतल्या स्विचबोर्डात आग लागायची वेळ आलीय म्हणून ओरडत होता. यूपीएसमध्ये नवा बोर्ड घातला असता, नवा यूपीएस आणला असता, तरी हेच झालं असतं. वायरमनने नवं सॉकेट टाकून वायरचं जळकं टोक कापून घट्ट बसवलं, सगळे मिळून तीनशे रुपये.

माझ्याही चुका आहेत, त्या लपवत नाही. लेझर प्रिंटर यूपीएसवरच लावला होता. ६०० व्हीएचा डबा म्हणजे ६०० वॉट अशी माझी समजूत, प्रत्यक्षात माझ्या डब्यावर लिहिलंय ३६० वॉट, आणि लेझर प्रिंटर तापताना एकटाच त्याच्या वर जातो. आणि डबा टेबलाखाली भिंतीला चिकटवून, वर पडदा, म्हणजे मे महिन्यात तर भट्टीच. या बॅटऱ्यांचं वय २५ डिग्रीला धरलेलं असतं, त्याच्यावर दर दहा डिग्रीला ते साधारण निम्मं होतं, मग ठाण्याच्या उन्हाळ्यात पाच वर्षांची बॅटरी दोन-अडीच वर्षांत हात टेकणार यात नवल काय. आता प्रिंटर सरळ भिंतीत लावलाय आणि डबा विटेवर उघड्यावर ठेवलाय, दिसायला वाईट दिसतं, असू दे. राऊटर मात्र यूपीएसवर लावलाय, तो जेमतेम दहा-बारा वॉट खातो आणि शुक्रवारी मेंटेनन्सला लाईट जाते तेव्हा कॉम्प्युटर बंद करून नुसत्या राऊटरवर मोबाईलने काम निघतं.

आता जुन्या बॅटरीचं. दुकानदार म्हणाला भंगारवाल्याला द्या, किलोवर पैसे देतो. त्या बॅटरीत शिसं असतं आणि सल्फ्युरिक अॅसिड. भंगारात गेलेली बॅटरी शिशासाठी हातोडीने फोडली तर अॅसिड गटारात, आणि आपली गटारं शेवटी खाडीलाच जाऊन मिळतात. २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करून रिसायकलला पाठवायची जबाबदारी त्या बनवणाऱ्या कंपन्यांवर टाकली आहे आणि वापरणाऱ्याने ती बाकी कचऱ्यात न टाकता वेगळी द्यायची असंही त्यात आहे. मी हे दुकानदाराला ऐकवलं तेव्हा तो म्हणाला, मॅडम तुम्ही वकील आहात का. शेवटी कंपनीच्या कस्टमर केअरला दोन दिवस फोन लावून त्यांच्या डीलरकडे बॅटरी जमा केली. दोन किलोचं धूड पिशवीत घालून रिक्षाने गेले, रिक्षाचे पैसे जास्त झाले, ते जाऊ दे.

माझं म्हणणं एवढंच आहे की रिपेअरला येणाऱ्या माणसाने व्हिजिट चार्ज घ्यायच्या आधी गिऱ्हाईकासमोर लोड (काकांच्या बल्बसारखा) लावून मीटरचा आकडा दाखवावा, डॉक्टर नाही का आधी बीपी बघत. आणि कंपन्यांनी डब्याच्या वरच, आतल्या मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांच्या कागदात नाही, मराठीत चार ओळींचं स्टिकर लावावं, कुठल्या बीपचा अर्थ काय, किती वॉटपर्यंत लावायचं, बॅटरी कुठल्या महिन्यात टाकली ते लिहायला एक रिकामी जागा. प्रत्येक कंपनीची बीप वेगळी असते, एकीची सतत वाजणारी बीप म्हणजे ओव्हरलोड तर दुसरीची म्हणजे बॅटरी संपली, आपण ऐकतो आणि फक्त वैतागतो. केंद्र सरकारच्या ग्राहक खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये राईट टू रिपेअरचं पोर्टल काढलं, कंपन्यांनी रिपेअरची माहिती तिथे द्यावी म्हणून, तर त्यात या डब्यांचीही माहिती मराठीत यायला काय हरकत आहे. न तपासता बोर्ड बदलायला लावला असेल तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाईन आहे, मीही तिथे तक्रार नोंदवली आहे. साडेतीनशे परत मिळालेले नाहीत अजून.

तुमच्या पेपरात दर आठवड्याला नवीन मोबाईलबद्दल अर्धं पान असतं, कधीतरी जुनी वस्तू कशी तपासायची यावरही चार ओळी छापा, विशेषतः पावसाळ्याच्या आधी.

आपली,
एक वाचक
चरई, ठाणे (प.)

ता. क. काकांचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. त्यांनीच सांगितलंय, छापून आलं तर अख्खी चरई यूपीएस काखेत मारून दारात उभी राहील, आणि त्यांच्याकडे तो १०० वॉटचा बल्ब एकच उरलाय.