पूर्वरंगातच संपलेला वेबिनार

महोदय,

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत माझी छोटी फाउंड्री (धातू ओतकामाचा कारखाना) आहे. परवा निर्यातीवरच्या वेबिनारला बसलो. पहिली २० मिनिटं स्वागतातच गेली. (कीर्तनकारसुद्धा पूर्वरंग आटोपता घेतो!) मग वक्त्यांनी स्लाइड जशाच्या तशा वाचल्या. माइक सगळ्यांचे बंद. मी भट्टीवर जाऊन आलो, तरी स्लाइड तीच.

चॅटमध्ये एचएसएनबद्दल, म्हणजे मालाच्या वर्गीकरणाच्या कोडबद्दल विचारलं, 'व्हॉल्व्ह बॉडीच्या बिडाच्या कास्टिंगला एचएसएन ७३२५, की मशिनिंग झाल्यावर ८४८१?' उत्तर आलं, 'शेवटी घेऊ.' शेवटी आभारप्रदर्शन झालं.

आयोजकांनो, प्रश्न आदल्या दिवशीच व्हॉट्सॲपवर मागवा. मधेमधे पोल टाका. एखादं खरं शिपिंग बिल (निर्यातीसाठी कस्टम्सकडे भरायचा कागद) पडद्यावर उघडून भरून दाखवा, त्यासाठी मी रात्री दहालाही बसेन. आणि दुपारी तीनची वेळ नको, तेव्हा आमच्याकडे ओतकाम चालू असतं.

– एक फाउंड्रीवाला, बेळगाव